चाळणीआडची वाक्ये

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान झालेले आपले मोठे डॉक्टरसाहेब, ज्यांच्या निवृत्तीसाठी आपण सर्व येथे जमलो आहोत त्या आपल्या श्रवणतज्ज्ञ बाई, रुग्णालयातील समस्त कर्मचारीवर्ग, आणि समोर बसलेले माझे यंत्रधारी बंधू-भगिनी,

मी सत्यप्रतिज्ञेवर सांगतो ते येणेप्रमाणे. माझे नाव सूत्रसंचालकांनी आत्ताच वाचले व बरोबर वाचले, सबब पुन्हा सांगत नाही. वय वर्षे चौऱ्याहत्तर. शिक्षण इयत्ता चौथी, उत्तीर्ण. पाचवीत बसलोच नाही, त्यामुळे नापास होण्याचा प्रश्न उद्भवला नाही. धंदा, न्यायालयातील पट्टेवाला, हल्ली निवृत्त. मला येथे बोलण्यास कोणी भाग पाडलेले नाही. उलट माझ्या पत्नीने मला परावृत्त करण्याचा पुष्कळ प्रयत्न केला.

मुख्य विषयास हात घालण्यापूर्वी दोन गोष्टी. पहिली अशी की, सूत्रसंचालकांनी आरंभी विचारले, "मागे ऐकू येतंय ना? ज्यांना येत नसेल त्यांनी हात वर करा." या सभागृहात हा प्रश्न विचारू नये. ज्यांना ऐकू येत नव्हते त्यांना तो ऐकू आला नाही, आणि ज्यांना यंत्रातून आला त्यांनी आनंदाने हात वर केले. दुसरी अशी की, माझ्या भाषणात कोणी टाळ्या वाजवू नयेत. आम्हा यंत्रधाऱ्यांना टाळ्या म्हणजे पत्र्यावर खडी ओतल्यासारख्या ऐकू येतात. फारच आवडले तर मान हलवावी.

नाही, मानही हलवू नये. बाईंना मान हलवलेली चालत नाही. त्याचे कारण पुढे येईल.

आणि हो, एक हरकत. बाईंच्या या निवृत्तीस माझी हरकत आहे आणि ती नोंदवूनच मी पुढे बोलणार आहे. माझा एक मुद्दा त्यांच्याकडे अद्याप प्रलंबित आहे. तो निकाली न काढता त्यांनी कसे जावे? मुद्दा काय, हे समजण्यासाठी आपणांस थोडे मागे यावे लागेल.

न्यायालयाच्या दारात उभे राहून पक्षकार, साक्षीदार व आरोपी यांच्या नावांचा तीन वेळा पुकारा करणे, हे माझे काम. तिसऱ्या पुकाऱ्यानंतरही जो आला नाही, त्याचा दावा गेला. माझ्या कारकिर्दीत वकिलांनी गैरहजेरीच्या नाना सबबी सांगितल्या. गाडी चुकली, पाय मुरगळला, एकाने तर स्वतःचे आजोबा दोनदा वारले असे सांगितले. पण "आमच्या अशिलाला पुकारा ऐकू आला नाही" ही सबब सांगण्याची छाती एकाचीही झाली नाही. मी पुकारा केला की समोरच्या रस्त्यावरचा झेरॉक्सवाला यंत्र थांबवीत असे. आत्मस्तुती हा दोष आहे हे मी जाणतो. पण ही स्तुती नव्हे, वस्तुस्थिती आहे.

अशा मनुष्याच्या कानात गाठ व्हावी! नियतीला विनोदाचे अंग नाही असे कोण म्हणेल?

डावा कान माझा बालपणीच गालगुंडांत गेला होता. त्याची मला खंत नव्हती. कारकुनाचे टेबल उजवीकडे होते. निवृत्तीनंतर त्या उजव्या कानात प्रथम घंटी वाजू लागली, मग उठता-बसता घेरी येऊ लागली, आणि पुढे पुढे जगातील सर्व माणसे पुटपुटू लागली. माझे ठाम मत होते की, हल्ली लोकांची उच्चारांची शिस्त बिघडली आहे. हे मत मी बरेच दिवस टिकवले.

पत्नी म्हणाली, "लोक नाही हो पुटपुटत. तुम्हाला ऐकू येत नाही."

मी म्हणालो, "काय?"

असो. मोठ्या डॉक्टरसाहेबांनी मला त्या पिंपासारख्या यंत्रात घालून माझ्या डोक्याची छायाचित्रे काढली आणि एक छायाचित्र काचेवर लावून दाखवले. कानाच्या अगदी आत गोगलगायीच्या शंखासारखा एक भाग असतो. आपण जे ऐकतो ते तेथे ऐकतो. त्या शंखात मसुरीच्या दाण्याएवढी गाठ झाली होती. साधी गाठ, कर्करोगाची नव्हे. पण वाढती.

मी विचारले, "साहेब, एवढ्याशा जागेत ही राहायला गेली कशी?"

साहेब म्हणाले, "अतिक्रमण समजा."

तेव्हापासून साहेबांविषयी मला आदर आहे. रोग्याला रोग्याच्या भाषेत सांगणारा डॉक्टर विरळा. ते पुढे म्हणाले, आणि शब्द माझ्यापर्यंत पोहोचेनात म्हणून त्यांनी ते पाटीवर लिहून दाखवले. चौथीनंतर पाटीशी माझा संबंध प्रथमच येत होता. पाटीवर होते ते असे: गाठ काढावी लागेल. काढताना उरलेसुरले ऐकणेही जाईल. पण त्याच वेळी त्या शंखात एक बारीक तार बसवू. कानामागचे यंत्र आवाज पकडील, त्याची वीज करील आणि तारेवाटे ऐकण्याच्या नसेला देईल. नस शाबूत राहिली, तर ऐकाल.

मी विचारले, "आणि नाही राहिली तर?"

साहेबांनी पाटी पुसली.

घरी आल्यावर पत्नीने शेजारून एक पाटी मागून आणली. तिचे अक्षर माझ्यापेक्षा चांगले आहे, हे मला त्या दिवशी कळले. तिने लिहिले, "मग माझा आवाज?" मी लिहिले, "तोही त्यात आलाच." हे उत्तर अपुरे होते. पण पाटी लहान होती.

शस्त्रक्रिया यथासांग पार पडली. जखम भरल्यावर यंत्र सुरू करण्याचा दिवस आला आणि मला बाईंच्या दालनात नेण्यात आले. बाईंनी कानामागे यंत्र अडकवले, चुंबकाची चकती डोक्याला चिकटवली आणि कळ दाबली. आपल्यापैकी ज्यांनी हा क्षण अनुभवला आहे त्यांना वेगळे सांगणे न लगे. इतरांसाठी सांगतो. पत्र्याच्या डब्यात बेडूक घालून डबा हलवावा, तसे. बाई बोलल्या, बेडूक. पत्नी बोलली, तोच बेडूक. खुर्ची सरकली, बेडूक. नस काही तरी नेत होती, एवढे सिद्ध झाले. पण जे नेत होती, ते बोलणे होते की नुसता गोंगाट?

बाईंनी पाटीवर लिहिले, "घाबरू नका काका. मेंदूला हे नव्याने शिकावं लागतं. पाचवीत बसलात असं समजा."

मी ताठ बसलो. साठ वर्षांहून अधिक काळानंतर मला पुढच्या वर्गात प्रवेश मिळाला होता.

आता बाईंची अध्यापनाची पद्धत. भरतकामाची गोल चौकट घेऊन तिच्यावर काळे कापड ताणायचे, ती तोंडासमोर धरायची आणि वाक्य बोलायचे, म्हणजे रोग्याला ओठ वाचता येत नाहीत. रोग्याने ऐकलेले वाक्य परत म्हणायचे. मान हलवायची नाही. मान काय, न ऐकताही हलते. समोर बसलेल्या कित्येकांनी वर्षानुवर्षे नुसती मान हलवून संसार केले आहेत, हे बाई जाणून होत्या. हाच अभ्यास घरच्या माणसाने घरी रोज घ्यायचा.

आमच्या घरी भरतकामाची चौकट नव्हती. पत्नीने पिठाची चाळणी घेतली आणि तिला माझा रुमाल बांधला. रोज सकाळी मी खुर्चीत बसे, ती समोर स्टुलावर. चाळणी वर जाई, बेडूक डरावे, चाळणी खाली येई, आणि मी खणखणीत आवाजात वाक्य परत म्हणे.

"पंखा चालू ठेवून बाहेर जाऊ नका." बरोबर.

"ओला टॉवेल पलंगावर टाकू नका." बरोबर.

"दूध वर येतंय, उठा." बरोबर.

"चष्मा तुमच्याच डोक्यावर आहे." बरोबर, आणि होताही.

एकही वाक्य चुकेना. पत्नीने ही वार्ता जिन्यातल्या सर्व बिऱ्हाडांना सांगितली. मुलाने फोनवरून अभिनंदन केले. ते मला ऐकू आले नाही. पण फोनचा दोष असावा, असे सर्वानुमते ठरले.

मधल्या काळात एक किरकोळ घटना घडली. कपाटाला कुलूप लावण्यासाठी मी वाकलो, आणि चकती माझे डोके सोडून लोखंडी कपाटाला जाऊन चिकटली. मी सरळ उभा राहिलो तो जग निःशब्द. नस गेली, असे समजून मी पाटी शोधू लागलो. पत्नीने येऊन कपाटावरची चकती काढली, माझ्या डोक्याला लावली आणि काही तरी म्हणाली. काय म्हणाली ते मी लगेच सांगितले, "स्वतःच्या डोक्यापेक्षा कपाटाला जास्त जपता." बरोबर! आमचा आत्मविश्वास द्विगुणित झाला.

अशा तयारीने मी बाईंपुढे परीक्षेस बसलो. काळी चौकट वर गेली. बेडूक डरावले. चौकट खाली आली.

मी म्हणालो, "पुन्हा वाचावे."

पुन्हा. काही नाही. दुसरे वाक्य. काही नाही. पूर्ण तास संपला आणि माझ्या पदरी एक शब्दही पडला नाही. बाईंचा चेहरा मी चौकटीच्या वर पाहत होतो. न्यायाधीश निकालपत्राचे शेवटचे पान उलटतात तेव्हा त्यांचा चेहरा तसा होतो. त्यांनी मोठ्या साहेबांना बोलावले. त्यांच्यात जे बोलणे झाले ते मला नंतर पत्नीकडून कळले. म्हणजे ही ऐकीव माहिती आहे, आणि माझ्या बाबतीत ऐकीव हा शब्दही जपूनच वापरावा लागतो.

साहेब म्हणाले, "घरी सगळं बरोबर आणि इथे काहीच नाही? नस मधेच दगा देतेय की काय?"

पत्नी म्हणाली, "दगा कसला? सकाळी तर सगळं धडाधड सांगितलंय यांनी! तुमच्या खोलीतच काही तरी दोष असेल."

बाई म्हणाल्या, "काकू, तो अभ्यास जरा माझ्यासमोर घ्या बरं."

चाळणी पिशवीत होतीच. पत्नी समोर बसली. बाई माझ्या यंत्राची तपासणी करीत आहेत असे दाखवून मागे उभ्या राहिल्या. चाळणी वर, चाळणी खाली. मी म्हणालो, "ओला टॉवेल पलंगावर टाकू नका." पत्नीने विजयी मुद्रेने साहेबांकडे पाहिले. चाळणी वर, चाळणी खाली. मी म्हणालो, "गोळी घेतली का, की मीच आठवण करायची?" शब्दन् शब्द बरोबर.

तेव्हा बाई माझ्यासमोर आल्या आणि त्यांनी मूठ उघडली. मुठीत चकती होती. माझ्या डोक्यावर काहीच नव्हते. दोन्ही वाक्यांच्या वेळी मी दगडासारखा बहिरा होतो. चाळणीकडे डोळे लावून बसल्यामुळे बेडूक थांबल्याचेही मला जाणवले नव्हते.

सभ्य स्त्री-पुरुषहो, संसार पन्नास वर्षे झाला की चाळणीच्या वर दिसणाऱ्या भुवया पुरतात. उजवी वर गेली की टॉवेल. दोन्ही जवळ आल्या की गोळी. मी फसवणूक करीत नव्हतो. मी ऐकतो आहे, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. पत्नीचीही तशीच समजूत होती. ती मात्र उठली आणि म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मी उगीचच बोलत होते? नुसत्या भुवया उडवल्या असत्या तरी चाललं असतं!"

साहेब खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिले, "आजवरचा निकाल कानाचा नाही, संसाराचा आहे. कानाचा निकाल अजून लागायचा आहे." मग पत्नीकडे वळून म्हणाल्या, "काकू, आता मागून बोलायचं. आणि जे आजपर्यंत कधीच बोलला नाहीत, तेच बोलायचं."

पत्नी म्हणाली, "कधीच न बोललेलं? अहो बाई, मी बाकी काय ठेवलंय?"

घरी आल्यावर तिची स्थिती पाहण्यासारखी झाली. भाजी निवडताना थांबायची, डोळे मिटायची, ओठ हलवायची, मान नकारार्थी हलवायची. ते वाक्य पूर्वी बोलून झालेले असावे. तिने साबणाच्या वेष्टनावरचा मजकूर वाचून पाहिला. मला एक अक्षर कळले नाही. नस खरोखरीच गेली असेल तर? ज्याच्या आवाजाने न्यायालय जागे होत असे त्याने उरलेले आयुष्य पाटीवर काढायचे? आणि पत्नीने?

एके दिवशी मी हिशेबाने पाठ करून बसलो असता बेडूक डरावले, आणि त्या डरावण्यात एका ठिकाणी काही तरी ओळखीचे चमकले. मी उठलो, दार उघडले, जिना वरपासून खालपर्यंत पाहून आलो आणि म्हणालो, "जिन्यात कोणी नाही."

पत्नी टाळ्या पिटत नाचू लागली. तिने पाटीवर लिहिले. ती म्हणाली होती, "आपल्या जिन्यात उंट अडकलाय." उंट मला ऐकू आला नव्हता. जिना आला होता! भुवया नव्हत्या, सवय नव्हती. तो जिना केवळ नसेच्या वाटेने आला होता. खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने हाताच्या खुणेने विचारले, "काका, काय शोधताय?" मी म्हणालो, "पुरावा."

पण एक शब्द म्हणजे जबानी नव्हे. पूर्ण वाक्य हवे होते. पत्नीचा बांध त्यानंतर फुटला. शेजाऱ्यांच्या पोपटाने राजीनामा दिला, माझ्या मिशीत दिवा लावला, असली वाक्ये ती दिवसभर माझ्या पाठीमागे हिंडत बोलू लागली. शब्द दोन-दोन, तीन-तीन सापडू लागले. बेडूक हळूहळू माणसात येऊ लागला. मात्र पूर्ण वाक्य काही हाती लागेना. तशातच फेरतपासणीचा दिवस उगवला.

त्या दिवशी बाई समोर बसल्या होत्या. मोठे साहेब दारात उभे होते. पत्नी माझ्या मागे, भिंतीला टेकून. चाळणी तिने घरीच ठेवली होती. बाईंनी बोट वर केले. मग मागून आवाज आला. डब्यातलाच, पत्र्याचाच. पण त्यातले शब्द एकामागून एक, रांगेत, पट्टा-बिल्ला लावून आल्यासारखे माझ्यापर्यंत आले.

"एकदा माझ्या नावाचा पुकारा करा ना."

येथे थोडा खुलासा करणे अगत्याचे आहे. शहाण्याने न्यायालयाची पायरी चढू नये, ही म्हण मी घरात नियमासारखी पाळायला लावली होती. त्यामुळे ज्या पुकाऱ्याने झेरॉक्सवाला थांबत असे तो माझ्या पत्नीने कधी ऐकला नव्हता. आणि घरात तिला नावाने हाक मारण्याचा प्रसंग उद्भवला नव्हता. घर दोन खोल्यांचे. "अगं" म्हटले की जी येई ती तीच. चोर, दरोडेखोर, कर्जबुडवे, भांडकुदळ भाऊबंद, खोटे साक्षीदार, सर्वांची नावे मी सन्मानाने तीन-तीन वेळा पुकारली होती. हिचे एकदाही नाही.

नियम असा होता की, ऐकलेले वाक्य जसेच्या तसे परत म्हणायचे. मी उभा राहिलो. कोटाचे बटण लावले. दारापर्यंत गेलो. साहेब बाजूला झाले. मी तिचे नाव पुकारले. पूर्ण नाव. पहिल्या पुकाऱ्याला परिचारिकेच्या हातातला ट्रे पडला. दुसऱ्या पुकाऱ्याला खालून रखवालदार धावत वर आला. तिसऱ्या पुकाऱ्याला समोरच्या प्रतीक्षागृहातील सर्व बहिरे रुग्ण उठून उभे राहिले, आणि एक दाढीवाले गृहस्थ, ज्यांचे यंत्र अजून बसवायचे होते, ते म्हणाले, "आलो, आलो!"

मग मागून, अगदी हलक्या आवाजात, एक शब्द आला.

"हजर."

तोही मी ऐकला.

बाई डोळे पुसत म्हणाल्या, "काका, वाक्य परत म्हणायचं होतं हो."

मी म्हणालो, "बाई, हुकूम परत म्हणायचा नसतो. बजावायचा असतो."

त्यांनी मला पाचवी उत्तीर्ण केले. त्यानंतर आजपर्यंत मी परक्या माणसांचे बोलणे चांगले ऐकतो. दूधवाला, शिंपी, अध्यक्ष महोदयांचे मघाचे प्रास्ताविक, जे फार सुंदर होते आणि दीर्घही होते. प्रश्न उरला तो पत्नीचा. ती "टॉवेल" म्हणते तेव्हा मी ते ऐकतो की ओळखतो? हा तो प्रलंबित मुद्दा. प्रत्येक तपासणीला मी बाईंना हेच विचारतो आणि प्रत्येक वेळी बाई म्हणतात, "काका, हे माझ्या यंत्रात कळत नाही." आता त्याच निघाल्या. मग मी हरकत का घेऊ नये?

बाई, आपण आम्हाला नुसते ऐकायला शिकवले नाही. ऐकल्याचे सोंग आपण आमच्याकडून हळुवारपणे काढून घेतले आणि मूठ उघडून दाखवले. आपल्या खुर्चीवर उद्या ज्या नव्या बाई बसतील त्यांना माझी एकच सूचना. नवरा-बायकोला समोरासमोर बसवून तपासू नये. निकाल चुकतो.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले ते माझ्या लक्षात आले आहे. माझे डोळे प्रथमपासूनच उत्तम आहेत. सर्वांचे आभार. पुकाऱ्याच्या सवयीने आवाज कोठे वाजवीपेक्षा चढला असेल, अथवा एखाद्याचा मान राखायचा राहून गेला असेल, तर ती कसूर शिक्षणाची समजावी, हेतूची नव्हे, आणि येथेच निकाली काढावी.

वरील मजकूर खरा असल्याबद्दल हजर साक्षीदार: एक, मोठे डॉक्टरसाहेब, जे त्या वेळी दारात होते. दोन, स्वतः श्रवणतज्ज्ञ बाई. तीन, तिसऱ्या रांगेतील दाढीवाले गृहस्थ, जे आत्ताही अर्धे उठले आहेत, त्यांनी कृपया बसावे. चार, माझी पत्नी, जी माझ्या पाठीमागे व्यासपीठाच्या कोपऱ्यात बाईंचे पुष्पगुच्छ सांभाळत बसली आहे.

तिने आत्ताच मागून काही म्हटले. बाई, आपण हसलात, म्हणजे आपणही ऐकले. ती "आवरा आता" म्हणाली असती, तर ते मी यंत्र खिशात ठेवूनही सांगितले असते. ती म्हणाली, "थांबू नका, अजून थोडं बोला."

हे वाक्य तिने पन्नास वर्षांत कधीही उच्चारलेले नाही. सबब, ते मी ऐकले.

मुद्दा निकाली निघाला. बाई, आपल्या निवृत्तीस माझी आता हरकत नाही.